पीठ वाहणाऱ्या खात्यातला कॅप्टन: गुडेरियन, १९३९ च्या आधी

स्टोअरकीपर (शनिवार, रात्री ११.२०)

दोन वर्षांपूर्वी मला प्रॉडक्शनमधून उचलून स्टोअर्सला टाकलं. कारखान्याचं नाव सांगत नाही, अजून तिथेच पोट भरतो. ज्यांनी कंपनीत नोकरी केली आहे त्यांना 'स्टोअर्सला टाकलं' म्हणजे काय ते समजावायला नको. बिन कार्डं भरा, गेटपासवर सह्या करा, डिझेलचे बॅरल मोजा. कँटीनमध्ये कालपर्यंत शेजारी बसणारे आज पलीकडच्या टेबलावर.

त्या दिवसांत रात्री वाचायला जो माणूस हाताला लागला तो हाइन्त्स गुडेरियन. जर्मन रणगाड्यांचा सेनापती. १९४० साली फ्रान्समध्ये त्याने काय केलं यावर व्हिडिओंचा ढीग पडला आहे. मला मात्र त्याच्या आधीच्या तीस वर्षांनी धरून ठेवलं. तेव्हा दुसरं महायुद्ध या धाग्यात शक्यतो नको, ही हात जोडून विनंती.

जन्म १७ जून १८८८, व्हिस्टुला नदीकाठच्या कुल्म गावात. ते आज पोलंडमध्ये आहे. वडील लष्करात अधिकारी, त्यामुळे बिऱ्हाड कायम पाठीवर. आधी अल्सेसमधलं कोल्मार, मग कार्ल्सरूहची कॅडेट शाळा, मग बर्लिनजवळची ग्रोस-लिश्टरफेल्डची मुख्य कॅडेट शाळा. १९०७ मध्ये १० व्या हॅनोव्हर येगर (म्हणजे चपळ पायदळाच्या) बटालियनमध्ये रुजू झाला, लोरेनमधल्या बिच या किल्ल्याच्या गावात. बटालियनचा कमांडर कोण, तर खुद्द वडील. (ज्यांनी वडिलांच्या दुकानात उमेदवारी केली आहे त्यांनी कल्पना करावी.) जानेवारी १९०८ मध्ये लेफ्टनंट.

इथपर्यंत प्रशियातल्या कुठल्याही अधिकाऱ्याची कुंडली अशीच निघेल. फाटा फुटतो तो १९१२ मध्ये. त्या वर्षी तो कोब्लेंत्सच्या ३ ऱ्या टेलिग्राफ बटालियनमध्ये वर्षभरासाठी गेला. तारांची रिळं, खांब, बिनतारी यंत्रं. १९१३ च्या ऑक्टोबरात मार्गारेट गोएर्नेशी लग्न, त्याच महिन्यात बर्लिनच्या युद्ध अकादमीत प्रवेश. वर्ष पुरं होतंय न होतंय तोच १९१४ चं युद्ध पेटलं, अकादमीला कुलूप, आणि हा घोडागाड्यांवर लादलेलं बिनतारी केंद्र घेऊन ५ व्या घोडदळ डिव्हिजनबरोबर फ्रान्सकडे. पुढची चार वर्षं बिनतारी आणि स्टाफची कामं. १९१८ च्या सुरुवातीला जनरल स्टाफचा कोर्स केला तो सेदाँ गावात. गावाचं नाव लक्षात ठेवा, बस.

युद्ध हरलं. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला १ लाख माणसांची फौज ठेवली, त्यात अधिकारी फक्त ४०००. विमानं नाहीत, जड तोफा नाहीत, रणगाडे बनवायचे नाहीत आणि आणायचेही नाहीत. त्या ४००० मध्ये गुडेरियन टिकला. गोस्लारला आपल्या जुन्या येगर बटालियनमध्ये कंपनी कमांडर झाला, आणि तिथे तो खूश होता.

मग बदली आली. जानेवारी १९२२ मध्ये म्युनिकला ७ व्या बव्हेरियन मोटारवाहतूक बटालियनमध्ये मेजर ओस्वाल्ड लुट्झच्या हाताखाली उमेदवारी, आणि एप्रिलमध्ये बर्लिनला मोटारवाहतूक निरीक्षणालयात. साहेब होते जनरल फॉन चिशविट्झ. गुडेरियनला वाटलं होतं, मोटारींवरच्या फौजेची आखणी करायला आपल्याला बोलावलंय. साहेबांनी हातात दिलं ते वेगळंच: वर्कशॉप, पेट्रोलचे साठे, बांधकामं, तांत्रिक नोकरवर्ग. याने सरळ सांगितलं, मला यातलं काही येत नाही, मला माझ्या कंपनीत परत पाठवा. उत्तर आलं, नाही.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक पालथं ठेवून उठलो आणि पाणी प्यायलो.

सगळ्यात भारी प्रसंग १९२४ चा. नवे निरीक्षक आले होते कर्नल फॉन नाट्झमर. गुडेरियन त्यांच्याजवळ बोलून गेला की या मोटारखात्यातून एक दिवस लढणारी फौज उभी राहावी अशी माझी आशा आहे. साहेब उसळले: "लढाई गेली खड्ड्यात! तुम्ही पीठ वाहायचं!"

माझं म्हणणं एवढंच आहे. रणगाड्यांचा सेनापती घडला तो रणगाड्यात नव्हे. घडला तो तारेच्या रिळांवर आणि पिठाच्या पोत्यांवर. मोटार किती चालते, कुठे बसते, पेट्रोल कुठे संपतं आणि पुढच्या माणसाशी मागून बोलायचं कसं, एवढंच तो पंधरावीस वर्षं शिकत होता. ज्यांना हे हलकं काम वाटलं ते तिथेच राहिले.

अर्धा चहा (शनिवार, रात्री ११.५२)

वाचनखूण साठवली. स्टोअरकीपरराव, धाग्याचं नाव वाचून रेसिपी समजून आलो होतो.

एक शंका. तहाने रणगाडे बंद, मग हा रणगाड्यांची युक्ती शिकला कशावर? चित्रं बघून?

स्टोअरकीपर (रविवार, सकाळी ७.१५)

अहो, जवळजवळ तसंच! वाचन इंग्रजांचं, फुलर आणि लिडेल हार्ट वगैरे मंडळी. मग १९२४ पासून तीन वर्षं श्टेटिनला युक्ती आणि युद्धेतिहासाचा मास्तर. नेपोलियनची १८०६ ची मोहीम शिकवायचा, १९१४ मधलं घोडदळ शिकवायचा. १९२७ ला मेजर होऊन बर्लिनला परत. १९२८ मध्ये त्याला मोटारवाहतुकीच्या प्रशिक्षण वर्गात रणगाड्यांची युक्ती शिकवायला नेमलं, आणि तोवर हा मास्तर एकदाही रणगाड्यात बसलेला नव्हता. पोहायला न उतरता पोहणं शिकवणारे आपल्याकडेही आहेत, पण याने निदान पुढे पाण्यात उडी मारली.

१९२९ मध्ये चार आठवडे स्वीडनला गेला. तिथे गोटा गार्ड्सच्या रणगाडा तुकडीत पहिल्यांदा स्वतः रणगाडा हाकला. गंमत अशी की तो स्वीडिश एम २१ म्हणजे मूळचा जर्मनच, १९१८ मधल्या एलके २ चा भाऊ. युद्ध संपल्यावर त्याचे सुटे भाग गुपचूप स्वीडनला गेले होते. आपल्याच घरचं भांडं शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात बघायला जाणं.

आता खरी मजा. १९३० च्या सुरुवातीला त्याला बर्लिन-लांकविट्झच्या ३ ऱ्या मोटारवाहतूक बटालियनची कमान मिळाली. चार कंपन्या. एक त्याने जुन्या चिलखती गाड्यांची केली, एक मोटारसायकलींची. तिसरीला रणगाडाविरोधी तोफा दिल्या, त्या लाकडाच्या. चौथी रणगाड्यांची, आणि ते रणगाडे म्हणजे लहान मोटारीवर चढवलेला कॅनव्हास आणि पत्रा. त्याच्याही आधीच्या सरावांत तर आत माणसं चालायची आणि रणगाडा ढकलायची. बटालियन सरावाला निघाली की शाळकरी पोरं पेन्सिली घेऊन धावायची, कॅनव्हासला भोक पाडून आत कोण आहे ते बघायला. पायदळाचे जवान त्या 'रणगाड्यां'वर दगड आणि काठ्या मारायचे आणि म्हणायचे, घ्या, मारला. १९३२ च्या उन्हाळ्यात लुट्झने सहाचाकी ट्रकच्या सांगाड्यावर खरं पोलाद चढवलेल्या गाड्या सरावाला आणल्या, तेव्हा पोरांच्या पेन्सिली मोडल्या आणि त्यांचा फार हिरमोड झाला. हे त्यानेच लिहून ठेवलं आहे.

त्याचे तेव्हाचे निरीक्षक ओटो फॉन श्टुल्पनागेल. त्यांनी या बटालियनला इतर तुकड्यांबरोबर सराव करायला बंदी घातली होती. १९३१ मध्ये निवृत्त होताना निरोप देताना म्हणाले, "तू फार उतावळा आहेस. माझं ऐक, जर्मन रणगाडे चालताना ना तू बघशील ना मी."

भीमथडी (रविवार, सकाळी ९.४०)

धागा आवडला. मी सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, त्यातली काही वर्षं झाशीजवळच्या बबिन्याला रणगाड्यांबरोबर गेली. त्यामुळे कोब्लेंत्सच्या तारखात्यावर थोडं लिहितो. मंडळी हा भाग वाचून पुढे सरकतात, मला तोच गाभा वाटतो.

रणगाड्यात बसल्यावर शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही. हेडसेट काढला की माणूस एकटा. आमचा सेट कधी रुसला की ट्रूप कमांडर कमरेपर्यंत बाहेर येऊन झेंड्या हलवायचा, आणि धूळ एवढी असायची की झेंडी दिसते कुणाला! मागचा रणगाडा पुढच्याच्या ढुंगणाकडे बघत चालतो. अशा चाळीस गाड्या म्हणजे फौज नव्हे, जत्रा.

आता १९१४ बघा. जर्मन सरसेनापती मोल्टके लक्झेंबर्गला बसलेला, त्याची उजवी बाजू पॅरिसच्या दाराशी पोचलेली, आणि मधे बिनतारी निरोप तासन्तास अडकलेले. शेवटी लेफ्टनंट कर्नल हेन्शला मोटारीत घालून एकेका सैन्याकडे पाठवावं लागलं, तुमचं कसं काय चाललंय ते विचारायला. मार्नहून माघार झाली त्यात या गोंधळाचा मोठा वाटा. आणि तेव्हा सव्वीस वर्षांचा हा लेफ्टनंट घोडदळाबरोबर बिनतारी केंद्र सांभाळत होता. घोडदळ पुढे पळतंय, यंत्र घोडागाडीत, ते उतरवून खांब उभा करेपर्यंत घोडदळ अजून पुढे. हा माणूस आयुष्यभर एकच गोष्ट मागत राहिला: प्रत्येक गाडीत सेट. त्याचं मूळ तिथे आहे.

पुढे जर्मनांनी मोठा रणगाडा आखला तेव्हा आत पाच माणसं धरली. कमांडर, तोफ डागणारा, गोळा भरणारा, चालक आणि रेडिओवाला. कमांडरने फक्त बघायचं आणि बोलायचं. फ्रेंचांच्या बहुतेक रणगाड्यांत बुरुजात एकच माणूस, तोच बघणार, तोच भरणार, तोच डागणार. चिलखत त्यांचं जाड होतं हो. पण आत बसलेल्या माणसाला हात दोनच.

फेलगीबेल नावाचा सिग्नल्सचा अधिकारी या कामात होता, त्याचं नाव कुणी घेत नाही. आम्हा सिग्नलवाल्यांचं नशीबच तसं.

तोफखाना_नगर (रविवार, सकाळी ११.०५)

भीमथडी काका, दंडवत. ट्रूप कमांडरचं चित्र डोळ्यासमोर उभं राहिलं.

आम्ही नगरकर, त्यामुळे रणगाडा हा आमच्या शाळेच्या सहलीचा विषय. रणगाडा संग्रहालयात पॅटन रणगाड्याच्या नळीवर हात ठेवून फोटो काढलेला नाही असा पोरगा आमच्या वर्गात नव्हता. तिथे गेलं की पहिल्यांदा कळतं की आत जागा किती कमी असते. म्हणून विचारतो, या गुडेरियनला पहिला खरा रणगाडा कधी मिळाला आणि तो केवढा होता?

स्टोअरकीपर (रविवार, दुपारी १२.३०)

१९३४. पान्झर १. वजन ५.४ टन, आत दोन माणसं, दोन मशीनगन, तोफ नाहीच. तुमच्या एमआयडीसीत माल भरून उभा असलेला ट्रक त्याहून जड भरेल. कागदोपत्री त्याचं नाव होतं 'शेतकी ट्रॅक्टर'. तो मुळात सरावासाठी केलेला, खरे येईपर्यंत हात बसावा म्हणून. हिटलर सत्तेवर आल्यानंतर कुमर्सडॉर्फला त्याच्यासमोर या गाड्या फिरवल्या तेव्हा "मला हेच हवंय" असं तो म्हणाला म्हणतात.

१५ ऑक्टोबर १९३५ ला तीन पान्झर, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजन उभ्या राहिल्या. वायमार, वुर्झबुर्ग आणि बर्लिन. वुर्झबुर्गची दुसरी डिव्हिजन गुडेरियनकडे, तेव्हा तो नुसता कर्नल होता.

कुंपणावरची (रविवार, दुपारी २.१८)

धागा वाचायला मजा आली, पण आता मी थोडं मीठ टाकते.

मी बारा वर्षं जर्मनीत राहते. आधी उच्चार: 'गुडेरिआन', जोर मधल्या 'डे'वर. आणि कुल्मला आता खेउम्नो म्हणतात, पोलिश शेजाऱ्यासमोर जुनं नाव घेऊन बघा एकदा.

स्टोअरकीपर, तुम्ही जे सांगितलंत त्यातलं किती त्याच्याच आठवणींच्या पुस्तकातून आलंय? पीठ वाहायचं, तू उतावळा आहेस, मला हेच हवंय. सगळे संवाद असे की समोरचा म्हातारा मठ्ठ आणि हा एकटा शहाणा. हे पुस्तक त्याने युद्ध हरल्यावर, कैदेतून सुटल्यावर, पन्नाशीच्या दशकाच्या तोंडावर लिहिलं. ज्यांच्या तोंडी वाक्यं घातली त्यांतले बरेच तोवर गेले होते. नाट्झमर तसं बोललाही असेल, मी खोटं म्हणत नाही. पण आपण नोकरी सोडल्यावर जुन्या साहेबाबद्दल सांगतो तेव्हा साहेब कसा बोलतो ते आठवा.

त्याआधीपासून रणगाड्यांवर लिहिणारा लेफ्टनंट एर्न्स्ट फोल्कहाइम होता, आणि तो पहिल्या युद्धात स्वतः रणगाड्यात लढलेला होता. रशियात काझानजवळ 'कामा' नावाची गुप्त रणगाडा शाळा १९२९ ते १९३३ चालली, तिथे जर्मन अधिकारी खऱ्या यंत्रांवर शिकत होते. म्हणजे कॅनव्हासच्या रणगाड्यांची गोष्ट खरी, पण अर्धी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ओस्वाल्ड लुट्झ. तुमच्या लेखात तो 'मेजर लुट्झच्या हाताखाली उमेदवारी' एवढ्यात आला आणि गेला. १९३१ मध्ये निरीक्षक झाला तो लुट्झ. गुडेरियनला चीफ ऑफ स्टाफ म्हणून शेजारी बसवला तो लुट्झने. १९३२ चे सराव लुट्झचे. १९३५ मध्ये 'जनरल ऑफ पान्झर ट्रूप्स' हा हुद्दा पहिल्यांदा मिळाला तो लुट्झला. १९३७ चं 'आख्टुंग पान्झर' हे पुस्तक गुडेरियनने लिहिलं तेही लुट्झच्याच सांगण्यावरून.

अजून एक. इंग्रजी आवृत्तीत लिडेल हार्टच्या ऋणाबद्दल एक परिच्छेद आहे. मूळ जर्मन पुस्तकात तो नाही. लिडेल हार्टने मागून घेतला. थोर माणसं एकमेकांची पाठ कशी खाजवतात बघा.

भीमथडी (रविवार, दुपारी ३.०२)

कुंपणावरची ताई, मुद्दा बिनतोड आहे. पण बेकचा किस्साही त्याच पुस्तकातला, आणि मला तो खरा वाटतो. जनरल स्टाफचा प्रमुख जनरल बेक विचारतो, डिव्हिजन कमांडर लढाई चालवणार कसा? गुडेरियन म्हणतो, पुढून, बिनतारीवरून. बेक म्हणतो, पण मग नकाशाचं टेबल आणि टेलिफोन कुठे ठेवणार? श्लीफेन वाचला नाहीस का?

आम्हीही एकदा सरावात ब्रिगेडियर साहेबांना पुढच्या जीपमध्ये सेट लावून दिला होता. साहेब अर्ध्या तासाने म्हणाले, माझं टेबल कुठाय?

कुंपणावरची (रविवार, दुपारी ३.२५)

हाहा. काका, तुमचं टेबल मान्य. पण बेकवर अन्याय नको. रणगाड्यांच्या तीन डिव्हिजन उभ्या राहिल्या त्या बेक प्रमुख असताना, आणि रणगाड्यांच्या आख्ख्या कोअरची (अनेक डिव्हिजनांची मिळून एक) कागदावरची आखणी त्याने करवून घेतली होती. त्याची तक्रार वेगळी होती, सगळं पोलाद एकाच खात्याला का. घरात पैसे मोजके असताना एक भाऊ सगळे मोटारसायकलीला मागतो, तशी.

जयगर्जना (रविवार, दुपारी ४.४०)

काही म्हणा, जर्मन शिस्त ती जर्मन शिस्त. तहाने हात बांधले तरी पुन्हा उभे राहिले. असे सच्चे सैनिक आपल्याकडे हवे होते. राजकारणाशी देणंघेणं नाही, फक्त कर्तव्य.

कुंपणावरची (रविवार, संध्याकाळी ५.१०)

जयगर्जना, 'राजकारणाशी देणंघेणं नाही' ही ओळही त्याच पुस्तकाची देणगी आहे.

मूळ लेखात १९१८ वरून उडी थेट गोस्लारवर पडली आहे. मधलं १९१९ कुठे गेलं? तेव्हा गुडेरियन लॅटव्हियात 'आयर्न डिव्हिजन'च्या स्टाफवर होता. युद्ध संपलेलं, तरी ही स्वयंसेवकांची फौज बाल्टिकमध्ये लढत होती. मे महिन्यात रिगा घेतल्यावर शहरात बेछूट कत्तल झाली. गुडेरियन त्यानंतर पोचला, त्यात त्याचा हात होता असं मी म्हणत नाही. पण बर्लिनहून परत फिरायचा हुकूम आला तेव्हा डिव्हिजनने तो धुडकावला आणि हा धुडकावणाऱ्यांच्या बाजूचा होता. वरून त्याला उचलून जर्मनीत आणावं लागलं. शिस्तीचं काय म्हणत होतात? त्याच्या पुस्तकात हा काळ जवळजवळ गिळलेला आहे.

आणि कर्तव्य म्हणाल तर १९४३ मध्ये हिटलरकडून त्याने व्यापलेल्या पोलंडमध्ये एक जमीनदारी बक्षीस घेतली, डाइपेनहोफ. तिथले मूळ मालक कुठे गेले हे विचारायची गरज त्याला वाटली नसावी. भीमथडी काकांनी ज्या फेलगीबेलचं नाव काढलं, त्याला हिटलरला मारायच्या जुलै १९४४ च्या कटात सामील म्हणून फाशी झाली. कटातल्या अधिकाऱ्यांना सैन्यातून काढणाऱ्या मंडळावर गुडेरियन होता.

दुसरं महायुद्ध नको म्हटलं होतं, माहीत आहे. पण अर्धं चरित्र सांगितलं की माणूस फार गोड दिसायला लागतो.

स्टोअरकीपर (रविवार, रात्री ९.३०)

ताई, लॅटव्हिया मी मुद्दाम गाळला नव्हता, पण गाळला हे खरं. लेख लिहिताना मला स्टोअर्सचा माणूस हवा होता, तेवढाच मी उचलला. जयगर्जना यांना मीच आमंत्रण दिलं असं झालं. लुट्झबद्दलही मान्य. माझा स्वतःचा साहेब बरा असता तर कदाचित लुट्झ मला आधी दिसला असता.

पण पिठाच्या पोत्याचा मुद्दा मी सोडत नाही, आणि या वेळी पुरावा त्याच्या बढाईतून नाही, फजितीतून देतो. मार्च १९३८, ऑस्ट्रियाचा घास. फेब्रुवारीत लुट्झला घरी बसवून त्याची कोअर गुडेरियनला मिळाली होती. १० मार्चच्या दुपारी याला हुकूम मिळाला. दुसऱ्या पान्झर डिव्हिजनने वुर्झबुर्गहून पासाऊ गाठायचं आणि तिथून थेट व्हिएन्ना. एकूण पल्ला साडेसहाशे किलोमीटरच्या वर. आणि तोही रणगाड्यांनी आपल्या पट्ट्यांवर.

नकाशे नाहीत. डिव्हिजनने बेडेकरचं प्रवासी गाईड उघडलं, आपण मे महिन्याच्या सुट्टीत उघडतो तसं. पेट्रोल नाही. पासाऊला लष्कराचा साठा होता, पण साठ्यावरचा अधिकारी म्हणाला, तुमचं नाव माझ्या यादीत नाही, मिळणार नाही. (त्या अनाम अधिकाऱ्याला माझा सलाम. इंडेंटशिवाय मीही जनरलला बॅरल दिला नसता.) हातापाया पडून, धाक घालून ते सुटलं. ते वाहायला ट्रक नाहीत, तर पासाऊच्या महापौराकडून उसने घेतले. ऑस्ट्रियातल्या रस्त्यावरच्या पंपवाल्यांना निरोप, दुकान उघडं ठेवा. रणगाड्यांना झेंडे आणि हिरव्या फांद्या बांधायची कल्पना याचीच, लग्नाच्या वरातीसारखी. १२ ची मध्यरात्र उलटून १३ तारीख लागल्यावर हा व्हिएन्नात पोचला. मागे रस्ताभर बंद पडलेल्या गाड्या. तोच म्हणतो ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे किती असतील ते आपण समजून घ्यावं.

सोळा वर्षांपूर्वी पेट्रोलच्या साठ्यांचं टेबल ज्याने नाक मुरडत घेतलं, त्याची पहिली मोठी स्वारी पेट्रोलच्याच साठ्यावर अडली. त्यानंतर मागाहून चालणाऱ्या पेट्रोलच्या ट्रकांची आणि फिरत्या वर्कशॉपची त्याने कशी पाठ धरली ते वाचण्यासारखं आहे. गोळी कुणी झाडली नाही म्हणून ही चूक स्वस्तात शिकता आली. ऑस्ट्रियाला ती महाग पडली, हे ताईंनी म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

अर्धा चहा (रविवार, रात्री १०.०५)

'इंडेंटशिवाय जनरलला बॅरल दिला नसता'. याची फ्रेम करून स्टोअर्समध्ये लावा.

बाय द वे, गोस्लार म्हणजे तेच का जिथे रोमेल होता?

कुंपणावरची (रविवार, रात्री १०.२०)

तेच गाव. रोमेल १९३३ मध्ये गोस्लारला येगर बटालियनचा कमांडर झाला, गुडेरियन तिथून जाऊन अकरा वर्षं झाली होती. हार्त्सच्या डोंगरातलं लाकडी घरांचं सुंदर गाव आहे. मी गेले तेव्हा पाऊस होता आणि बेकरी बंद.

तोफखाना_नगर (रविवार, रात्री १०.४४)

आणि सेदाँ? लक्षात ठेवा म्हणाले आणि विसरले.

स्टोअरकीपर (रविवार, रात्री १०.५८)

मे १९४० मध्ये म्यूझ नदी ओलांडली ती सेदाँलाच. १९१८ मध्ये कोर्स करताना ज्या टेकड्यांवर कागदी लढाया सोडवल्या त्याच. एवढंच. दुसरं महायुद्ध नको म्हटलंय ना!

अर्धा चहा (रविवार, रात्री ११.१०)

शेवटची शंका. घरी बसवलेल्या लुट्झचं पुढे काय झालं?

कुंपणावरची (रविवार, रात्री ११.३१)

१९४४ मध्ये वारला. गुडेरियन १९५४ पर्यंत जगला. मधल्या दहा वर्षांत कोणी पुस्तक लिहिलं ते आपण सकाळपासून बघतोच आहोत.

भीमथडी (सोमवार, सकाळी ६.१०)

रात्री सगळं वाचून काढलं. साहेबांच्या टेबलाचं पुढे काय झालं ते कुणी विचारलंच नाही. आम्ही दुसऱ्या जीपमध्ये घालून पाठवलं. टेबल वेळेत पोचलं, साहेबांची जीप ओढ्यात बसली. सेट चालू होता म्हणून सापडले.